संगिनीवरची अक्षरे



वसंत व्याख्यानमालेत काव्य, संतवाङ्मय, शेतीचा प्रश्न, फार तर एखादा परदेशप्रवास हे विषय यावयाचे. त्यांच्या पंगतीला चालकांनी आज 'जुन्या लष्करी संगिनींचा संग्रह आणि त्याची साधने' हा विषय बसवला आहे. कार्यक्रमपत्रिका वाचून काही मंडळींना वाटले असेल की हा गृहस्थ पिशवीतून एकेक हत्यार काढून दाखवणार. त्यांची थोडी निराशा होईल. हत्यार घेऊन सभेला येणे कायद्याला मान्य नाही. त्या कायद्याविषयीही मला पुढे दोन शब्द बोलायचे आहेत.

नाणी जमवणारा, दिवे आणि अडकित्ते जमवणारा माणूस आपल्याला समजतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ साली तो सारा ठेवा सरकारच्या स्वाधीन केला. तेव्हा लोकांना कळले की अडकित्त्यालाही इतिहास असतो. पण संगीन? माणसाच्या पोटात खुपसण्यासाठी कारखान्यात घडवलेली वस्तू कोणी हौसेने का जमवावी? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मी एका वाक्यात देणार नाही; व्याख्यान संपेपर्यंत ते आपले आपणच मिळाले तर पाहू.

आधी शब्द घेऊ. फारसीत 'संग' म्हणजे दगड. संगमरवर आणि संगीन ही एकाच घरची भावंडे. संगीन म्हणजे दगडासारखे, घट्ट, भारी. इंग्रजीत या हत्याराला जे नाव आहे ते फ्रान्सच्या दक्षिणेकडील बायॉन या गावावरून पडले असे मानतात. सतराव्या शतकात युरोपातल्या शिकाऱ्यांनी आणि शिपायांनी सुरीची लाकडी मूठ बंदुकीच्या तोंडात दट्ट्यासारखी बसवायला सुरुवात केली. गोळी झाडून झाली, आणि समोरचा अंगावर आला, की बंदुकीचाच भाला करायचा. यात एक अडचण होती. दट्ट्या बसवला की बंदुकीचे तोंड बंद! १६८९ मध्ये स्कॉटलंडात किलिक्रँकी येथे सरकारी फौजेचे शिपाई हे दट्टे बसवण्यात गुंतले असतानाच डोंगराळ लोकांनी धावत येऊन त्यांची फळी मोडली. मग लोहारांनी डोके चालवले आणि पात्याला एक पोकळ नळी जोडली. ही नळी बंदुकीच्या नळीवर बाहेरून बसते, पाते जरा बाजूला वळलेले असते, आणि संगीन चढवलेली असतानाही बंदूक भरता येते व झाडता येते. एवढ्या एका युक्तीने भालाईत पायदळातून कायमचा गेला. ज्याच्या हाती बंदूक, त्याच्याच हाती भाला.

तेव्हा संग्राहकाने पहिली विभागणी अशी करावी: दट्ट्याची संगीन, नळीची संगीन आणि मुठीची संगीन. दट्ट्याची आपल्याकडे सापडण्याची आशा धरू नये. नळीची सापडते. तिचे पाते बहुधा तिधारी असते आणि तिला धरायला मूठ नसते. मुठीची संगीन म्हणजे सुरीसारखी किंवा आखूड तलवारीसारखी. बंदुकीवरून काढली की हातात धरता येते. हा भेद लक्षात ठेवावा, कारण आता मी ज्या गोष्टीकडे वळणार आहे तिथे तो उपयोगी पडतो.

आपल्या भागात एखाद्या घरी जुनी संगीन निघाली की तिच्यामागे एक गोष्टही निघते: ही असईच्या लढाईतली आहे. विकणारा तर हमखास असईचे नाव घेतो. नाव घेण्याजोगीच ती लढाई आहे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, जाफराबाद तालुक्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्याजवळ असई हे गाव आहे. केळणेचे पाणी पूर्णेला मिळते आणि तीच पूर्णा खडकपूर्णा होऊन देऊळगाव राजा, सिंदखेड राजाच्या बाजूने आपल्या जिल्ह्यातून जाते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी त्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्ली चालून गेला. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या जर्मन सरदाराच्या हुकुमात होत्या. मैदानात वेलस्लीजवळ स्वतःचे लढणारे जेमतेम साडेचार हजार. त्यांपैकी मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या सेनापतीला म्हातारपणी त्याची सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारले, तेव्हा त्याने असईचे नाव घेतले असे सांगतात.

ही लढाई तोफांची जेवढी, तेवढीच संगिनीची होती. नदीच्या बाजूने ७८वी हायलंडर पलटण आणि तिच्या उजवीकडे मद्रासकडच्या देशी पलटणी तोफांच्या तोंडावर चालत गेल्या आणि संगिनी लावून त्यांनी गोलंदाजांची ओळ गाठली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. कित्येक जण तोफांखाली पडून राहिले, इंग्रजी ओळ पुढे निघून गेल्यावर उठले आणि त्याच तोफा वळवून तिच्या पाठीवर मारा करू लागले. त्यांना पुन्हा एकदा हटवावे लागले. शाळेच्या पुस्तकात या लढाईला चार ओळी मिळतात आणि त्यांत हे गोलंदाज नसतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता संग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ऐका. संगिनी फक्त इंग्रजांकडे होत्या असे नाही. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सरदाराकडून पाश्चात्त्य धर्तीच्या पलटणी उभ्या करवल्या, त्यांच्यासाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत. त्या बंदुकांनाही संगिनी होत्या. आणि समोरच्या बाजूला चालत येणारे बहुसंख्य शिपाई तामिळ, तेलुगू मुलखातले, म्हणजे आपल्याच देशातले. संगिनीच्या दोन्ही टोकांना आपलीच माणसे होती. दोनच महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला भोसल्यांच्या फौजेशी पुन्हा हाच प्रसंग झाला आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. ज्याला या विषयाचे मूळ समजून घ्यायचे आहे त्याला बुलढाण्याहून फार लांब जावे लागत नाही.

मग घरातली संगीन असईची का नसावी? असू शकेल, पण बहुतेक नसते. १८०३ ची पायदळी संगीन नळीची, तिधारी आणि मुठीशिवाय असते. पाते सुमारे १७ इंच. त्या काळी मुठीची संगीन अगदीच नव्हती असे नाही, इंग्रजांच्या बेकर रायफलीला पितळी मुठीची होती, पण ती या लढायांत उतरलेल्या पलटणींची नव्हे. आणि आपल्याकडे जी दाखवायला आणतात ती कशी असते? पाते सपाट, एका बाजूने धारेचे, दोन्ही अंगांना लांब पन्हळ. मुठीला दोन लाकडी फळ्या स्क्रूने बसवलेल्या. मुठीच्या टोकाला खाच आणि कळ दाबायचा छोटा खटका. एवढे दिसले की असईचे नाव सोडून द्यावे. ती १९०७ सालच्या नमुन्याची आहे आणि असईनंतर शंभराहून अधिक वर्षांनी घडलेली आहे.

हे ऐकून घरमालकाचा चेहरा उतरतो. तो उतरू नये, कारण खरी गोष्ट इथूनच सुरू होते. असईच्या संगिनीवर वाचण्यासारखे फार थोडे असते. १९०७ च्या संगिनीवर मात्र एखाद्या सातबारासारखी नोंद असते, आणि ती वाचायला भिंग आणि थोडा धीर एवढेच लागते. संग्राहकाचे पहिले साधन पुस्तक नव्हे, संग्रहालय नव्हे; त्या पात्यावरची अक्षरे, हेच.

मुठीलगत पात्याचा जो सपाट भाग असतो तो उजेडात तिरपा धरा. एका बाजूला मुगूट दिसेल. मुगुटाखाली राजाची आद्याक्षरे. 'ई. आर.' असेल तर सातवा एडवर्ड, म्हणजे १९१० पर्यंतचे काम, 'जी. आर.' म्हणजे जॉर्ज. 'जी. आर. आय.' असे तिसरे अक्षर असेल तर त्यातला 'आय' बादशहा या अर्थाचा आहे आणि ती संगीन हिंदुस्थानात, कलकत्त्याजवळच्या इशापूरच्या रायफल कारखान्यात घडली असण्याचा संभव मोठा. त्याखाली '१९०७' हा आकडा दिसतो आणि इथेच नवशिका फसतो. तो आकडा नमुन्याचा आहे, घडणीचा नव्हे. घडणीचा महिना आणि साल त्याच्या खाली बारीक अक्षरांत असते: पाच आणि सोळा असे आकडे असतील तर मे १९१६. त्याच ठिकाणी कारखान्याचे नाव. विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल, व्हिकर्स, एनफील्ड हे विलायतेतले, रेमिंग्टन अमेरिकेतला, लिथगो ऑस्ट्रेलियातला, आणि आपला इशापूर. पाते उलटे करा. तिथे तीन रेघांचा रुंद बाण म्हणजे सरकारी मालमत्तेची खूण. बाणासोबत 'आय' असेल तर हिंदुस्थान सरकारची. फुलीची खूण दिसली तर समजावे की पाते वाकवून, पुन्हा सरळ होते का हे पाहून, पास झाले आहे. मुगुटाखाली आकडा आणि अक्षर असे जे छोटे ठसे असतात ते तपासनिसांचे. कधी कधी पुढच्या सालाचे आकडेही मारलेले असतात. ती फेरतपासणीची साले. आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर उभे असतील तर सरकारने ती वस्तू नोकरीतून काढून विकली आहे. ज्याला चोरीच्या मालाची धास्ती वाटते त्याने ही खूण आधी शोधावी.

या नमुन्याच्या घडणीतही काळ वाचता येतो. मूळ नमुना जपानी लष्कराच्या संगिनीवरून घेतलेला. मुठीपुढच्या आडव्या पट्टीचे एक टोक आकड्यासारखे पुढे वळलेले असे, समोरच्याचे पाते त्यात अडकवण्यासाठी. १९१३ पासून हा आकडा बंद झाला आणि आधीच्या पुष्कळ संगिनींचे आकडेही कापून टाकण्यात आले. आकड्याची संगीन त्यामुळे दुर्मिळ आहे, आणि दुर्मिळ आहे म्हणूनच साध्या संगिनीला आकडा जोडून विकणारे कारागीरही आहेत. सांध्यावर भिंग धरावे. १९१६ पासून मुठीच्या टोकाशी एक आरपार भोक आले. खाचेत अडकलेली माती बाहेर पडावी म्हणून. फ्लँडर्सच्या चिखलात लढणाऱ्यांची अडचण त्या भोकात आहे.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात १७ इंचांचे पाते १२ इंचांवर आणले. काही नवी आखूड घडवली, काही जुनी लांब कापली. पन्हळ अगदी टोकापाशी जाऊन संपत असेल तर ती कापलेली आहे. पन्हळच नसेल तर ती आखूडच जन्माला आली. अशाच आखूड संगिनी स्वातंत्र्यानंतरही आपल्या सैन्याने वापरल्या. १९६० नंतरच्या दशकात इशापूरला जी ७.६२ मिलिमीटरची रायफल तयार झाली तिलाही ती बसे. मुगूट जाऊन अशोकाचे सिंह आले ते या काळात. एकाच घडणीच्या दोन संगिनी शेजारी ठेवल्या, एकीवर मुगूट आणि एकीवर सिंह, तर १९४७ साल हातात धरून पाहता येते. अशी जोडी माझ्या मते कोणत्याही आकड्याच्या संगिनीपेक्षा मोलाची आहे; बाजाराचे मत वेगळे आहे आणि ते तसेच राहील.

जुन्या नळीच्या संगिनींविषयी एक सूचना करून ठेवतो. १८५७ नंतर सरकारचा देशी शिपायावर भरवसा राहिला नाही. गोऱ्या पलटणींना आटे पाडलेल्या नळीची एनफील्ड, तर देशी पलटणींना तशीच दिसणारी पण आतून गुळगुळीत बंदूक, म्हणजे नेम कमी. पुढे गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा देशी शिपायाच्या हाती स्नायडर. त्याला मार्टिनी मिळाली तेव्हा गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड. नेहमी एक पिढी मागे. म्हणून आपल्याकडे सापडलेल्या संगिनीचे घडणीचे साल आणि ती आपल्या माणसाच्या हाती आल्याचे साल यांत दहा-वीस वर्षांचे अंतर धरावे लागते. विलायती पुस्तकातला तक्ता इथे जशाचा तसा लावून चालत नाही.

आता मुठीचे टोक, किंवा मुठीपुढची आडवी पट्टी पाहा. तिथे कधी कधी पलटणीचा आकडा आणि शिपायाच्या हत्याराचा क्रमांक ठोकलेला असतो. १९२२ साली हिंदुस्थानी पलटणींची फेररचना झाली आणि सगळे आकडे बदलले. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे मराठा पलटणींचे जुने आकडे. त्यानंतर त्या सर्व पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तुकड्या झाल्या. ११० हा आकडा सापडला तर ती पलटण १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकली होती, उपासमारीनंतर शरण गेली आणि तिचे पुष्कळ लोक कैदेत मेले, एवढे माहीत असावे.

वऱ्हाडाच्या माणसाने मात्र आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा: ९६. तो सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला तो कशासाठी? हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा पगार भागावा म्हणून. आपला मुलूख, आपली कापसाची काळी जमीन ही एका फौजेच्या पगाराला गहाण पडली होती, असे म्हटले तरी अतिशयोक्ती नाही. त्या फौजेची ठाणी एलिचपूर, हिंगोली अशी आपल्या आसपास होती. १९०३ साली तिच्या पायदळाला ९४ पासून ९९ पर्यंत आकडे मिळाले, आणि ९६ वी होती 'बेरार इन्फंट्री'. १९२२ मध्ये या पलटणी एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेल्या आणि १९४५ साली त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. एलिचपूरचा नबाब सलाबतखान याच्या फौजेतून आलेली ९८ वी पलटण पुढे चौथी कुमाऊँ झाली. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मिरात बडगाम येथे पडलेले, पहिले परमवीरचक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा याच पलटणीचे. म्हणजे अचलपूरचा धागा हिमालयात राणीखेतला जातो, जिथे आज कुमाऊँ रेजिमेंटचे केंद्र आणि संग्रहालय आहे. वऱ्हाडी पलटणीच्या संगिनीचा मागमूस पुण्यात शोधत बसणाऱ्याला तो मिळत नाही. मराठा पलटणींसाठी बेळगावचे केंद्र, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातले सागर. पत्र लिहावे, खुणांचे स्वच्छ छायाचित्र सोबत पाठवावे आणि एका पत्रात एकच प्रश्न विचारावा. दहा प्रश्नांच्या पत्राला उत्तर येत नाही.

संग्रहालयांचे सांगायचे तर आपल्याला जवळचे म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो. १८६३ पासूनचे आहे आणि तिथे शस्त्रांचे दालन आहे. पुण्याला केळकर संग्रहालय, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हैदराबादला सालारजंग. या सर्व ठिकाणी शस्त्रे पाहायला मिळतात. पण आपल्या संग्रहालयांत मान तलवारीला, कट्यारीला आणि जडावाच्या ढालीला. कारखान्यात लाखोंनी घडलेल्या संगिनीकडे पाहुण्याचीही नजर जात नाही आणि मांडणाऱ्याचीही. तलवारीचे पाते पाहून डोळा तयार करावा आणि संगिनीचा अभ्यास पुस्तकांत करावा, असे मी सांगेन. ज्याला विलायतेचा प्रवास घडेल त्याने लीड्सचे रॉयल आर्मरीज आणि लंडनचे नॅशनल आर्मी म्युझियम चुकवू नये.

पुस्तके मोजकीच सांगतो. इंग्रजी आणि वसाहतींच्या संगिनींवर स्केनर्टन आणि रिचर्डसन यांचा ग्रंथ हा या विषयातला कोश समजावा. इशापूरच्या घडणीची माहितीही तिथे मिळते. वॉट्स आणि व्हाइट यांचे १९७५ चे 'बायोनेट बुक' जगभरच्या नमुन्यांसाठी. एव्हान्स आणि स्टीफन्स यांचे पुस्तक इतिहासासाठी चांगले. हिंदी शस्त्रांवर एगर्टन याने १८८० मध्ये जी यादीवजा पोथी काढली तिच्यावरच अजून पुष्कळ लोक जगतात, आपल्याकडचे ग. ना. पंत यांचे खंड तिच्या पुढे गेलेले आहेत. १८०३ च्या युद्धासाठी रँडॉल्फ कूपर याचे २००३ साली निघालेले पुस्तक अवश्य वाचावे, कारण मराठ्यांच्या तोफखान्याला आणि कवायती पायदळाला त्याने न्याय दिला आहे. जिल्ह्यासाठी लायल याचे १८७० चे वऱ्हाड गॅझेटियर, १९१० चे बुलढाणा गॅझेटियर आणि महाराष्ट्र सरकारने पुढे काढलेली आवृत्ती. परदेशी पुस्तके स्वस्त नाहीत. चार जणांनी मिळून एक घ्यावे किंवा ग्रंथालयाकडे मागणी नोंदवावी. जुन्यांपैकी बरीच आता संगणकावर फुकट वाचता येतात.

आणि माणसाचे नाव शोधायचे असेल तर? घरात 'आजोबा पहिल्या लढाईला गेले ते परत आले नाहीत' अशी आठवण असेल, तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदी पाहाव्यात. परदेशात पडलेल्या हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींत पलटण, बापाचे नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. गावांची नावे गोऱ्या कारकुनाने कानावर पडली तशी लिहिलेली आहेत, तेव्हा मेहकर, मलकापूर, चिखली ही नावे चार तऱ्हांनी शोधावी लागतात. परत आलेल्यांची माहिती मिळणे अवघड. तरी पेन्शनचे कागद, पदके आणि पदकाच्या कडेवर कोरलेले नाव व क्रमांक यांवरून पुष्कळ कळते. पदक विकून टाकलेले आणि संगीन तेवढी राहिलेली, असे घर असते. उलटही असते.

आता घासण्याविषयी बोललेच पाहिजे. दसऱ्याला शस्त्रपूजा करायची म्हणून संगीन बाहेर काढतात आणि देवाच्या भांड्यांबरोबर चिंच, राख, विटकरीची पूड लावून लख्ख करतात. हल्ली तर ग्राइंडरच्या चाकावर धरतात. पाते आरशासारखे होते आणि मुगूट, महिना, कारखाना, फुली, बाण सगळे पुसून जाते. शंभर वर्षांच्या गंजाने केले नाही ते एका सकाळी होते. काळपट झालेला पोलादाचा रंग हा मळ नव्हे. तो राहू द्यावा. लाल, सुटा गंज असेल तेवढाच काढायचा. शिवणयंत्राचे तेल लावून दोन दिवस ठेवावे, बांबूच्या काडीने हलके खरवडावे, मऊ फडक्याने पुसावे, पुन्हा तेलाचा पातळ हात फिरवावा. लाकडी मुठीला आपले जवसाचे तेल बोटभर चोळले तर लाकूड चिरत नाही. कातडी म्यान असेल तर पाते त्यात ठेवू नये. कमावलेल्या कातड्यातले आम्ल आणि पावसाळ्याची ओल मिळून आतल्या आत पाते खातात. म्यान शेजारी ठेवावे, पण फेकू नये. हाताळल्यावर बोटांचे ठसे पुसावेत, नाहीतर घामातले मीठ आपली सही करून ठेवते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर संगिनीचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. बंदुकीसारखा परवाना अशा हत्यारांना सर्वत्र लागतोच असे नाही. अधिनियमाच्या चौथ्या कलमाखाली ज्या भागाला अधिसूचना लागू केलेली असेल तिथे लागतो. म्हणून जमवायला सुरुवात करण्यापूर्वी जिल्हाधिकारी कचेरीतल्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन चौकशी करावी, आणि ती लेखी करावी. सार्वजनिक जागी शस्त्र बाळगण्यावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली वेळोवेळी बंदी हुकूम निघतात. नांगराच्या फाळाला जमिनीतून काही लागले आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे भाग आहे. असई-अडगावच्या शिवारातल्या शेतकऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पुरी झालेली ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या संगिनींनी ही शंभरी आता ओलांडली आहे. परदेशी ग्राहक चांगली किंमत देतो म्हणून पार्सल बांधायला बसलेल्या माणसाला हे कोणी तरी सांगितले पाहिजे.

शेवटी वहीचे. प्रत्येक वस्तूला एक पान. लांबी, पात्याची लांबी, वजन, दोन्ही बाजूंचे ठसे जसे दिसतात तसे पेन्सिलीने काढलेले. ठशावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली तर ठसा कागदावर हुबेहूब उतरतो. कोणाकडून, कोणत्या तारखेला, किती रुपयांना घेतली. पावती असेल तर तिथेच चिकटवावी. मग एक वेगळा रकाना आखावा आणि त्याला 'घरी काय सांगतात' असे नाव द्यावे. म्हातारी सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहावे, सांगणारीचे नाते आणि वय लिहावे. संगीन मे १९१६ ची निघाली आणि तिने असईचे नाव घेतले, तर असईही लिहावे. फक्त त्याच रकान्यात.